पडवीतला पाहुणा

'ओरिजिनल मोहाची कुठं मिळेल?' पावसाळ्यातल्या कुठल्याही शनिवारी जव्हारच्या नाक्यावर उभं राहा, हा प्रश्न कानावर येतोच. गाडीची काच खाली होते, टपरीवरच्या पोराला हाक जाते आणि आवाज थोडा उतरवून विचारणा होते. मुंबई, ठाणे, नाशिकहून दाभोसा आणि काळमांडवीचे धबधबे बघायला आलेली ही मंडळी असतात. पोरगा कधी मान हलवतो, कधी 'माहीत नाय' म्हणतो, कधी नुसतंच पुढच्या वळणाकडे बोट दाखवतो. पोलिसांची भीती असतेच. पण खरी अडचण वेगळी आहे. जे मागितलं जातंय ते या डोंगरात मुळात दुकानात ठेवायची वस्तू नव्हतं. ते सणाला, लग्नाला, देवाच्या कामाला घरी व्हायचं आणि पडवीत येऊन बसलेल्या माणसापुढं यायचं. गाडीतून न उतरता ते मागणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

जव्हार-मोखाड्याच्या पाहुणचाराबद्दल लिहायचं तर सुरुवात या पडवीपासूनच करावी लागते. गावात चार माणसांनी संध्याकाळी एकत्र बसावं, वाटसरूनं टेकावं, बातमी कळावी, सोयरीक जुळावी, भांडण मिटावं, यासाठी जगभर कुठं सराई असते, कुठं पब असतो. इथल्या वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर पाड्यांवर हे सगळं काम घराची पडवी करत आली आहे. कारवीच्या काटक्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, उतरतं छप्पर आणि त्याखाली सारवलेली जागा. दार सहसा उघडंच. येणारा वाकून आत येतो, कारण छप्पर खाली उतरलेलं असतं.

पाहुणा आला की आधी पाणी. मग चौकशी, आणि तिचाही क्रम ठरलेला असतो. कुठून आलात, कुणाकडं आलात, तिकडं पाऊस कसा आहे, भात कसं आहे. काम काय काढलंत, हे शेवटी. शहरातला माणूस पहिल्या वाक्यातच कामाचं बोलतो आणि घरातले जरा गोंधळतात. अजून पाणी पिऊन झालेलं नसतं. त्यानंतर कोरा चहा. दूध नसतंच, कारण गुरं औताची असतात, दुभती क्वचित. दुधाची कसर साखरेनं भरून काढली जाते, आणि पाहुण्याच्या कपात साखर सढळ पडते, कारण घरात विकत आणावी लागणारी ती मोठी जिन्नस.

मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावर मी पडवीत बसलो होतो. आजीनं चुलीवर पाणी ठेवलं, डबा उघडला, झाकण परत लावलं. तोंडानं माझ्याशी पावसाचं बोलणं चालूच होतं. नातवाला तिनं नुसती नजर दिली. पोरगा मागच्या दारानं गेला आणि मुठीत कागदाची पुडी घेऊन मागच्याच दारानं आला. मी पाहिलं हे तिला कळू नये म्हणून मी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिलो. चहा आला तेव्हा तो इतका गोड होता की ओठ चिकटावेत. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.

हा भाग कुठला, हेही ध्यानात ठेवायला हवं. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. पावसाळा तोंडावर येतो तेव्हा अनेक घरांतलं धान्य आजही तळाला गेलेलं असतं. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईकडं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती होळीला परततात. अशा घरातून आलेली भाकर 'गरीब पण मनानं श्रीमंत' अशा एका गुळगुळीत वाक्यात गुंडाळून टाकणं मला पटत नाही. या माणसांना पाहुणचाराची किंमत आपल्यापेक्षा नेमकी ठाऊक आहे, कारण ती त्यांच्या डब्यातून जाते.

जव्हार गावाची स्वतःची अभिमानाची कथाही पाहुणचाराचीच आहे. १६६४ साली सुरतेकडं जाताना शिवाजी महाराज जव्हारला थांबले आणि तिथल्या मुकणे राजानं त्यांचं स्वागत केलं, असं इथं सांगतात. शिरपामाळावर आजही माणसं ती जागा दाखवायला नेतात. जयविलास राजवाडा बघायला येणारे बहुतेक जण शिरपामाळही बघून जातात. पाड्यावर मात्र फार थोडे वळतात.

आता मोहाकडं येऊ. होळीच्या मागंपुढं मोह फुलतो. पानं झडलेली असतात आणि रात्री उशिरापासून सकाळपर्यंत फुलं टपटप खाली पडतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून काढलेला असतो. पहाटे बायका-पोरं टोपल्या घेऊन येतात. फूल फिकट पिवळं, गरदार, हातात धरलं तर ओलसर. वास गोड आणि जड. उन्हात तीन-चार दिवस पडलं की ते मनुक्यासारखं सुरकुतून तांबूस होतं आणि मग वर्षभर टिकतं. दारू हा त्याचा एकच उपयोग आहे असं बाहेरच्यांना वाटतं. ही फुलं भाजून खातात, कडधान्याबरोबर शिजवून खातात, गुरांना घालतात; पुढं फळं येतात, बियांचं तेल निघतं. टंचाईच्या दिवसांत या झाडानं माणसं जगवली आहेत. म्हणून ते तोडायला हात धजत नाही.

मी ज्या घरांत बसलो तिथं दारू समोर आली तेव्हाचा रिवाज जवळून पाहता आला. भांड्यातून थोडी घेऊन आधी जमिनीवर शिंपडतात. हिरवा, हिमाय, नारनदेव, वाघदेव, कणसरी अशी देवांची नावं घेतात, मग घरातल्या गेलेल्या माणसांची. पूर्वजांचा वाटा निघाल्याशिवाय जिवंत माणसाच्या ओठाला ती लागत नाही. नंतर पेला एकच असतो आणि तो फिरतो. वडीलधाऱ्यांपासून सुरुवात. म्हाताऱ्या बायकाही घेतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आपला आपण ओतून घेत नाही. ओतणारा एक असतो आणि कुणाला पुरे झाली हे तोच बघतो. मी घेत नाही म्हटल्यावर थोडी बोटावर घेऊन कपाळाला लावायला सांगितलं. तेवढ्यानं मान राखला गेला. आग्रह कुणी केला नाही. शहरातल्या पार्टीत नको म्हणणाऱ्याला जे सोसावं लागतं, ते आठवून मला या साध्या रिवाजाचं फार मोल वाटलं.

लग्नाची बोलणी अशाच पेल्यावर पक्की होतात. मयताच्या विधीतही तिचा वाटा असतो. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते तेव्हा वाघदेवाच्या ठाण्यावर, जिथं लाकडी फळीवर वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात तिथं, गुराखी जमतात, नैवेद्य होतो, दारूची धार पडते. नव्या तांदळाच्या पिठात काकडी मिसळून पानांत वाफवलेलं गोड खाणं घरोघरी होतं. रात्री अंगणात तारपा घुमतो. दुधी भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांतून तयार झालेलं ते लांबलचक वाद्य वाजवणारा मध्ये आणि त्याच्याभोवती साखळी धरून नाचणारे. त्या नाचात नवखा माणूस हात धरून ओढून घेतला जातो. पाय चुकले तरी साखळी सोडत नाहीत.

हे असं असताना दारूचं दुकान, म्हणजे गुत्ता, आला कुठून? तो सरकारी कायद्यानं आला. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला आणि घरोघरी दारू गाळणं हा गुन्हा ठरला. गाळायचा आणि विकायचा हक्क ठेकेदारांना मिळाला. ताडीच्या झाडांवर कर बसला. लोक तरीही मोहाची फुलं घरी आणून गाळतात म्हणून १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा केला गेला आणि फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. अंगणातल्या झाडाखाली पडलेलं फूल उचलणं हा अपराध! जव्हार त्या वेळी संस्थान होतं, मोखाडा मात्र इंग्रजी ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग. शेजारच्या दोन मुलखांवर दोन अंमल. पण गुत्त्याची चाल एकदा सुरू झाल्यावर ती डोंगर ओलांडायला वेळ लागत नाही.

गुत्तेवाला नुसता दारू विकत नव्हता. ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत बऱ्याच ठिकाणी तोच सावकार होता, तोच जमीनदार झाला. दारू उधारीवर, उधारी धान्यावर, धान्य संपलं की जमिनीवर आणि जमीन गेली की वेठीवर. जो पेला पडवीत पूर्वजांच्या नावानं फिरत होता तो वहीत मांडला जाऊ लागला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबणारा लग्नगडी याच व्यवस्थेतला. १९४५ साली टिटवाळ्याच्या किसान परिषदेपासून उभ्या राहिलेल्या वारल्यांच्या लढ्यानं ही वेठ मोडली. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचलं आहे त्यांना हे नव्यानं सांगायला नको.

त्याही आधी एक विलक्षण गोष्ट घडली होती. १९२१ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये देवीचं वारं आलं. ते डोंगरात चढलं, पाड्यापाड्यांतून पसरत गेलं आणि १९२२ च्या अखेरीस सुरत जिल्ह्यात पोचलं. अंगात आलेली माणसं देवीचा हुकूम सांगत: दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, आणि पुढं सुरतेकडं, दारूच्या ठेकेदारांच्या कामावर जाऊ नका. हजारो आदिवासींनी तो पाळला. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं १९८७ साली या चळवळीवर 'द कमिंग ऑफ द देवी' हे अख्खं पुस्तक लिहिलं. बाहेरच्या कुणा सुधारकानं येऊन शिकवण्याआधी या समाजानं स्वतःच ओळखलं होतं की दुकानातली दारू आपल्याला गिळते आहे. 'आदिवासी म्हणजे पिणारच' असं आजही सहज बोलणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. पुढं परवान्यांची दारं उघडली आणि आज परिस्थिती अशी आहे की कारखान्यात मळीपासून काढलेली देशी दारू परवानाधारक दुकानात राजरोस मिळते आणि स्वतःच्या झाडाच्या फुलांची, देवाला दाखवण्यापुरती घरी गाळलेली मात्र गुन्हा ठरते. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये आदिवासींना घरगुती वापरापुरती मर्यादित मुभा आहे. आपल्याकडं २०२१ साली मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरची बंधनं उठवली गेली, ही चांगली गोष्ट झाली. एकशेतीसच्या आसपास वर्षं लागली त्याला.

मोहाच्या दारूचं हे गुणगान नाही. ज्या बाईचा नवरा मजुरीचा आठवडा गुत्त्यात घालवून येतो तिच्यासमोर परंपरेची गोष्ट काढायला माझी जीभ रेटणार नाही. पाड्यांवरच्या बायकांशी बोललं की पहिली तक्रार पाण्याची असते आणि दुसरी दारूची. त्या ज्या दारूबद्दल बोलतात ती रोजची असते, विकत घेतलेली असते, आणि तिच्यात कधी काळा गूळ, कधी नवसागर असतो. ताडीतही भेसळ होते. क्लोरल हायड्रेट मिसळलेल्या ताडीनं माणसं आयुष्यातून उठली आहेत. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभराहून अधिक जीव घेतले. करणारा आणि पिणारा यांचा जिथं एकमेकांशी संबंधच उरत नाही, तिथं हे होतं. पाड्यावर करणारा स्वतःही त्याच पेल्यातून घेतो. महाराष्ट्रातल्या बायकांनी 'आडवी बाटली'च्या मतदानानं गावोगावची दुकानं बंद पाडली, त्यामागं हाच अनुभव होता, आणि मी त्या बायकांच्या बाजूचा आहे.

मग गिऱ्हाईक म्हणून येणाऱ्या माणसानं काय करायचं? त्याला इथला पाहुणचार मिळूच शकत नाही का? मिळतो, आणि तो जेवणातून मिळतो. दाभोशाच्या वाटेवर, सूर्यमाळकडं, खोडाळ्याच्या अलीकडं-पलीकडं आता घरगुती जेवणाच्या पाट्या दिसतात. 'दोन तास आधी सांगा' असं त्यावर लिहिलेलं असतं. बरेच जण तिथंच चिडतात. दोन तास? पण कोंबडी तेव्हा अंगणात फिरत असते. ती धरायची, साफ करायची, मसाला पाट्यावर वाटायचा, चूल पेटवायची. नागलीची भाकर आयत्या वेळी थापतात, कारण ती गार झाली की गेली. बरोबर उडदाची डाळ, खुरासणीची चटणी, सुकट, वरईचा किंवा हातसडीचा भात. पहिल्या पावसाच्या सुमारास गेलात तर शेवळं, कवळी, बांबूचे कोवळे कोंब. शेवळं काकडाच्या फळांबरोबर शिजवली नाहीत तर घसा खाजतो. ते घरच्या बाईला ठाऊक असतं, म्हणून तिच्या चुलीवरचंच खावं.

जेवायला वाढल्यावर वाढणारी बाई हलत नाही. ताटात जागा दिसली की भात पडतो. हॉटेलच्या सवयीचे लोक 'नको, नको' म्हणत ताटावर हात धरतात, मग निम्मं टाकून उठतात. हे फार लागतं त्या घराला. ज्यांनी थोडं थोडं घेतलं, संपवलं, आणि ताट स्वतः उचलून मोरीकडं नेलं, ती माणसं तिथं वर्षानुवर्षं लक्षात राहतात. अशा पाहुण्यांची नावं नाही, पण 'तो चष्मेवाला, ज्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या' अशी आठवण मी ऐकली आहे.

पर्यटकांच्या तक्रारीही मी ऐकतो. रेंज नाही, शौचालय धड नाही, बिल लिहून देत नाहीत, वेळ लागतो. शौचालयाची तक्रार रास्त आहे आणि ती घरच्या बायकांचीही आहे. बाकीच्या तक्रारी मला पोकळ वाटतात. धबधब्यांच्या खाली दर सोमवारी दिसणाऱ्या फुटक्या बाटल्यांची तक्रार तर पाहुण्यांकडून कधीच येत नाही. त्या काचा अनवाणी जाणाऱ्या पोरांच्या पायांत घुसतात.

गावाची बैठक आणि गावाचं पेय विकायला निघालं की त्यावर हक्क कुणाचा, या प्रश्नाला जगात इतरत्र लोकांनी हात घातला आहे. इंग्लंडमध्ये गावचे जुने पब एकामागून एक बंद पडू लागले तेव्हा कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावानं २००३ साली आपला 'ओल्ड क्राउन' सहकारी तत्त्वावर विकत घेतला. २०११ च्या लोकॅलिझम कायद्यानं तर अशा वास्तू विकत घेण्यासाठी बोली लावायची संधीच गावांना दिली. केरळात ताडीच्या दुकानातलं कप्पा-मीन, म्हणजे टॅपिओका आणि मासे, खायला न पिणारेही जातात, आणि तिथल्या ताडी कामगारांच्या सहकारी संस्था आहेत. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: ज्याची वस्तू, त्याच्या हातात निदान काही हक्क राहिला.

जव्हार-मोखाड्याच्या हातात हा हक्क कागदावर आहेच. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्यानं मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालायचा किंवा नियमन करायचा अधिकार ग्रामसभेकडं दिला आहे, आणि गौण वनोपजाची मालकीही. राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. म्हणजे गुत्ता हवा की नको, मोहाचं फूल कुणाला आणि कोणत्या भावानं विकायचं, हे पाड्यावरच्या बैठकीत ठरू शकतं. ठरतं क्वचित. ग्रामसभेला बायका कमी असतात, दिवाळीनंतर तर निम्मा पाडा भट्टीवर असतो. ग्रामसभांच्या तारखा स्थलांतराचा हंगाम बघून ठरवल्या, तर दारूबद्दलचा पहिला शहाणा निर्णय या बायकाच करतील असं माझं मत आहे. देवाच्या कामापुरत्या घरगुती मोहाला मर्यादित मुभा आणि विक्रीच्या दारूवर ग्रामसभेचा खराखुरा अंकुश, या दोन्ही गोष्टी एकाच ठरावात बसू शकतात. सरकारनं त्या बसवायला मदत करावी. मोहाच्या फुलांचे लाडू, मनुका, सरबत यांसाठी बचत गटांना वाळवण-साठवणीची सोय मिळाली तर झाडाचा पैसा गुत्त्याकडं न जाता घरात येईल.

आणि तुम्ही, जे हा अंक वाचून कदाचित या डोंगराकडं गाडी वळवाल, त्यांना एवढंच सांगणं आहे. मोहाची बाटली विचारू नका; तुमच्या विचारण्यातून तिचा बाजार तयार होतो आणि पोलीस मात्र पाड्यावरच्या बाईच्या दारात उभे राहतात. बाटल्या बरोबर नेऊ नका. जेवायचं असेल तर आदल्या दिवशी निरोप द्या, दोन तास हाताशी ठेवून जा, चप्पल पडवीबाहेर काढा आणि कोरा चहा पुढं आला तर 'दूध नाही का' असं म्हणू नका. कुणी दारूचा पेला पुढं केला आणि घ्यायचा नसेल, तर कपाळाला बोट लावा. निघताना जेवणाचे पैसे विचारून, घासाघीस न करता, चुलीशी बसलेल्या बाईच्या हातात द्या.